चंद्रकोर कुणाची? : 'द सबमिशन' वाचताना

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, शँक्सव्हिल गावाजवळ होणाऱ्या एका स्मारकाचा आराखडा जाहीर झाला. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या चार विमानांपैकी 'फ्लाइट ९३' हे विमान तिथल्या माळावर कोसळले होते. अपहरणकर्त्यांशी झुंजलेले प्रवासी आणि विमानातले कर्मचारी, अशी ४० निरपराध माणसे त्यात गेली. स्मारकासाठी हजारावर प्रवेशिका आल्या होत्या. त्यातून वास्तुरचनाकार पॉल मर्डॉक यांची कल्पना निवडली गेली. निवड करणाऱ्यांत मृतांचे नातेवाईकही होते. तिथली जमीन मुळातच परातीसारखी खोलगट आहे. त्या खोलगटाच्या कडेने लाल मेपलच्या झाडांची वळणदार रांग लावायची, ही त्यातली मुख्य कल्पना. नाव होते 'क्रेसेंट ऑफ एम्ब्रेस', म्हणजे कवेत घेणारी कोर.

कोर म्हटल्याबरोबर काहूर उठले. कोर म्हणजे चंद्रकोर, चंद्रकोर म्हणजे इस्लाम, आणि इस्लाम म्हणजे अपहरणकर्ते, अशी ही साखळी. शरद ऋतूत मेपल लाल होतो, म्हणजे ही लाल चंद्रकोर झाली, असेही बोलले गेले. टॉम टॅनक्रेडो या लोकप्रतिनिधीने राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्र लिहून आक्षेप नोंदवला. कोणत्याही न्यायालयाने काही सांगितलेले नसताना, वर्ष संपायच्या आत आराखडा बदलला गेला. आणखी झाडे घालून कोरीचे वर्तुळ केले गेले आणि 'क्रेसेंट' हा शब्द नावातून गेला. तरीही संशय संपला नाही. मूळ वळणाचा मध्य मक्केच्या दिशेला आहे असे गणित मांडणारे निघाले. एकाने त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. पुढे ९ सप्टेंबर २०१८ रोजी तिथे ४० मृतांसाठी ४० घंटानळ्या लावण्यासाठी बांधलेला ९३ फुटांचा मनोरा लोकार्पण झाला. फ्लाइट ९३ म्हणून ९३ फूट, इतका साधा हिशेब. पण त्यातही काहींना मिनार दिसलाच.

इथे थोडे थांबावेसे वाटते. चंद्रकोर आमची केव्हा झाली? कुरआनात नव्या चंद्राचा उल्लेख येतो तो लोकांच्या कालगणनेसाठी आणि हजच्या वेळा ठरवण्यासाठी. कोर धर्माची खूण म्हणून रूढ झाली ती मुख्यतः उस्मानी तुर्कांच्या निशाणांमुळे, आणि तीही बऱ्याच उशिरा. आमच्याकडे तर चंद्रकोर शंकराच्या जटेत आहे, आणि मराठी बाईच्या कपाळावर कुंकवाची चंद्रकोर पिढ्यान्‌पिढ्या आहे. ईदच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर उभे राहून आम्ही जो चंद्र शोधतो तोच हा. एका आकाराला किती मालक असावेत? शँक्सव्हिलच्या वादात मात्र तो एकाच मालकाचा ठरला, आणि मालकही कोण, तर ते १९ अपहरणकर्ते! मुसलमानांपैकी कुणी 'ही कोर आमची' असा दावा केलेला नव्हता. दावा आमच्या नावावर परस्पर नोंदवला गेला.

हे सगळे आठवायचे कारण एमी वाल्डमन यांची 'द सबमिशन' ही कादंबरी. २०११ मध्ये, हल्ल्याच्या दहाव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर ती प्रसिद्ध झाली. वाल्डमन मूळच्या पत्रकार. न्यूयॉर्क टाइम्ससाठी त्या काही वर्षे दिल्लीत होत्या. कादंबरीचे बीज मात्र शँक्सव्हिलमध्ये नाही. ते माया लिन यांच्या प्रकरणात आहे. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १९८१ मध्ये निनावी स्पर्धा झाली. १,४२१ प्रवेशिकांतून जी निवडली गेली ती निघाली येल विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या चिनी वंशाच्या विद्यार्थिनीची. मग काळ्या भिंतीवर टीका झाली तशी तिच्या वंशाचीही कुजबुज झाली. वाल्डमन यांनी एकच प्रश्न पुढे ढकलला. ११ सप्टेंबरच्या स्मारकाची निनावी स्पर्धा एखाद्या मुसलमानाने जिंकली तर?

नावातच पेच आहे. 'सबमिशन' म्हणजे स्पर्धेसाठी सादर केलेली प्रवेशिका, आणि 'सबमिशन' म्हणजे शरण जाणे. इस्लाम या शब्दाचा अर्थही तोच. मराठीत एका शब्दात हे दोन्ही बसवणे कठीण. 'समर्पण' थोडे जवळ येते, पण त्याला फुलांचा वास येतो, आणि या कादंबरीत फुले फार कमी आहेत.

कथानक थोडक्यात असे. निवड समिती पाकीट उघडते आणि आत नाव निघते मोहम्मद खान. हा मो खान व्हर्जिनियात जन्मलेला, भारतातून गेलेल्या आईबापांचा मुलगा. नमाज-रोज्याशी त्याचा संबंध बेताचाच. त्याची प्रवेशिका म्हणजे एक भिंतबंद बाग. दोन कालव्यांनी चार भाग केलेले. काही झाडे जिवंत, काही कोसळलेल्या इमारतींच्या पोलादाची. आतल्या भिंतींवर मृतांची नावे. बातमी फुटते. वर्तमानपत्रातला एक वास्तुसमीक्षक कौतुकाने लिहितो की या बागेचे इस्लामी बागांशी साम्य दिसते. बस्स! टीव्हीवर त्याची 'हुतात्म्यांची जन्नत' होते, आणि हुतात्मे म्हणजे मारणारे.

चारबाग म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात ज्याने सहलीचा डबा खाल्ला आहे त्याने ती पाहिली आहे. पण चारबाग इस्लामच्याही आधीची. प्राचीन इराणात भिंतबंद बागेला जो शब्द होता त्यातूनच आपला 'फिरदौस' आला आणि इंग्रजांचा 'पॅरडाइज'ही आला. दोन कालवे एकमेकांना छेदतात तिथे मनात आणले तर क्रूसही दिसतो. कुणी काय पाहायचे हे बागेच्या हातात नसते.

कादंबरीचा खरा जीव मो खानच्या एका हट्टात आहे. सगळे त्याला विचारतात: ही बाग इस्लामी आहे का? तुझी प्रेरणा काय? त्या हल्ल्याचा तू निषेध करतोस का? विचारणाऱ्यांत शत्रू आहेत तसे मित्रही. समितीतली क्लेअर बर्वेल ही हल्ल्यात नवरा गमावलेली स्त्री सुरुवातीला त्याच्या बागेची सर्वांत खंबीर पाठराखण करते. ती उदारमतवादी आहे, तिचा हेतू स्वच्छ आहे. तिला फक्त एक वाक्य हवे आहे, ज्याने तिची शंका जाईल. मो ते वाक्य देत नाही. दुसऱ्या कुणाला हा प्रश्न विचारला असता का, एवढेच तो म्हणतो. आणि क्लेअर हळूहळू सरकत जाते. हे सरकणे वाल्डमन यांनी फार बारकाईने टिपले आहे. द्वेष करणाऱ्यांचे चित्र कुणीही काढील. चांगल्या माणसाच्या चांगुलपणाला अटी कशा लागत जातात हे दाखवणे अवघड.

मो खानचा हा हट्ट आम्हाला पहिल्या वाचनात उद्धट वाटला होता. एक वाक्य बोलला असता तर काय बिघडले असते? मग आमची एक जुनी गोष्ट आठवली आणि मत बदलले.

एका तालुक्याच्या गावी आम्ही शिक्षक होतो. तिथे बेचाळीसच्या चळवळीतल्या गावच्या हुतात्म्यांसाठी चौथरा बांधायचे ठरले. समितीत आम्हीही होतो, अर्थात एकटेच. गावातल्याच एका तरुणाने हौसेने नकाशा काढला. चौथऱ्यावर छोटी महिरप आणि मागे दगडी जाळी. मुलगा कोण, कुठल्या जातीचा, हे सांगायची गरज नाही. आमच्यातला नव्हता एवढे पुरे. नकाशा हातोहात फिरला. एक वडीलधारे सदस्य, जे दर ईदला आमच्या घरी शिरखुर्मा प्यायला येत, आमच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सर, हे जरा दर्ग्यासारखं दिसतंय हो. तुम्ही सुचवलंत का?" आम्ही घाईघाईने म्हणालो, "छे छे, आम्ही नाही. आमचा काही संबंध नाही."

उत्तर खरेच होते. पण ती घाई कसली होती? महिरप हा शब्दच मेहराबवरून आलेला. गणपतीच्या मखराला महिरप असते, वाड्याच्या दिवाणखान्याला असते, गणितातल्या कंसालाही असते. हे सगळे आम्हाला ठाऊक होते, आम्ही वर्गात शिकवतही होतो. त्या क्षणी मात्र आम्ही महिरप सोडून दिली आणि स्वतःला सोडवून घेतले. पुढच्या बैठकीत जाळी गेली, महिरप गेली, लोखंडी कठडा आला. कुणी भांडले नाही. मो खान ज्या वाक्याला नकार देतो ते हेच होते, 'आमचा काही संबंध नाही'. ते एकदा म्हटले की पुढच्या प्रत्येक नकाशाला म्हणावे लागते.

कादंबरीतली सर्वांत सरस व्यक्तिरेखा मात्र मो नाही. ती अस्मा अन्वर. बांगलादेशातून आलेली, कागदपत्रे नसलेली, इंग्रजी न येणारी विधवा. तिचा नवरा इनाम त्या इमारतींत सफाईचे काम करायचा, तोही गेला. मृतांच्या बाजूने बोलणारे सगळे 'आमची माणसे' म्हणतात, त्यात इनाम धरलेला नसतो. जाहीर सुनावणीत अस्मा उभी राहते आणि दुभाष्यामार्फत बोलते. मो खान वास्तुशास्त्राच्या भाषेत जे बोलू शकत नाही ते ती आपल्या मोडक्या, सरळ बोलीत बोलते: मुसलमान मारणारे होते तसे मरणारेही होते. त्याची किंमत तिला जिवानिशी चुकवावी लागते. एका सनसनाटी बातमीदार बाईमुळे तिचे बेकायदा वास्तव्य उघड होते. देश सोडून निघताना गर्दीत तिच्यावर सुरी चालते. कुणी चालवली हे कादंबरी सांगत नाही.

अस्मा काल्पनिक आहे, पण तिच्यामागे उभी असलेली माणसे काल्पनिक नाहीत. ट्रेड सेंटरच्या दक्षिण इमारतीत सतराव्या मजल्यावर मुसलमानांची नमाजाची खोली होती. मोहम्मद सलमान हमदानी हा २३ वर्षांचा तरुण न्यूयॉर्क पोलिसांत कॅडेट होता, वैद्यकीय मदतीचे प्रशिक्षण घेतलेला. त्या दिवशी तो घरून निघाला आणि परतला नाही, तेव्हा आधी त्याच्यावर संशय घेतला गेला. पुढे अवशेष सापडले, एप्रिल २००२ मध्ये सन्मानाने दफन झाले, कायद्याच्या मसुद्यात त्याचे वीर म्हणून नाव आले. तरीही २०११ मध्ये स्मारक खुले झाले तेव्हा त्याचे नाव मदतीला धावलेल्यांच्या यादीत नव्हते, इतरत्र होते. धर्माची कोणतीही खूण नसलेल्या, फक्त नावे असलेल्या स्मारकातही कुणाला कुठे बसवायचे हा प्रश्न उरतोच.

कादंबरीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वाल्डमन यांच्यातला पत्रकार त्यांना प्रत्येक बाजूचा एकेक प्रतिनिधी आणायला लावतो. अग्निशामक भाऊ गमावलेला शॉन गॅलाघर, इस्लामविरोधी मोर्च्यांची म्होरकी, मतांवर डोळा ठेवणारी गव्हर्नर, मुस्लिम संघटनेचा चतुर अध्यक्ष इसाम मलिक. यांतला शॉन तेवढा माणूस होतो. मोर्च्यात तो एका स्त्रीच्या डोक्यावरचा रुमाल ओढतो, मग देशभर तसे प्रकार सुरू होतात, आणि त्याला स्वतःच्याच हाताची लाज वाटू लागते. मलिक मात्र कागदीच राहतो. मो खानला जाहिरातीतला चेहरा बनवणारी ही संघटना आम्हाला ओळखीची वाटते खरी. आमच्याकडेही असे पुढारी आहेत, माणसापेक्षा त्याचे प्रकरण त्यांना प्यारे. पण कादंबरीतल्या मशिदीत, रोजच्या रोज नमाज पढणारा, दुकान चालवणारा, या वादाने फक्त वैतागलेला साधा मुसलमान फारसा भेटत नाही. धर्मनिष्ठ म्हणजे राजकारणी आणि सुजाण म्हणजे धर्मापासून दूर, ही वाटणी वाल्डमन यांच्यासारख्या जागरूक लेखिकेकडूनही नकळत होते. अस्मा आहे म्हणून ही बाजू सावरली जाते.

आता क्रूसाकडे येऊ, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मेरीलँड राज्यात ब्लेडन्सबर्ग येथे रस्त्यांच्या तिठ्यावर पहिल्या महायुद्धातल्या ४९ स्थानिक सैनिकांचे स्मारक आहे. सुमारे ४० फुटांचा क्रूस, १९२५ मध्ये पुरा झालेला. १९६१ पासून जमीन आणि देखभाल सरकारी संस्थेकडे. सरकारी जागेत, सरकारी पैशाने क्रूस कसा, म्हणून दावा झाला. २० जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी क्रूस राहू द्यावा असा निकाल दिला. न्या. अॅलिटो यांच्या म्हणण्याचा आशय असा, की क्रूस ख्रिस्ती खूण आहे हे खरे, पण इतक्या वर्षांत त्याला महायुद्धाच्या स्मृतीचा वेगळा अर्थही चिकटला आहे, आणि आता तो पाडणे हेच धर्माशी वैर धरल्यासारखे दिसेल. न्या. गिन्सबर्ग यांनी भिन्न मत दिले. क्रूस ख्रिस्ती धर्माचाच राहतो आणि इतर धर्मांच्या मृतांना तो आपला म्हणता येत नाही, असा त्याचा रोख.

आम्हाला अॅलिटो यांचे म्हणणे सर्वस्वी गैर वाटत नाही. शंभर वर्षे उभी असलेली आणि मेलेल्या मुलांच्या आईबापांनी वर्गणी काढून उभी केलेली वस्तू पाडावी असे आम्हीही म्हणणार नाही. खटकते ते दुसरेच. उघडउघड क्रूस असलेल्या क्रूसाला काळाच्या ओघात धर्मापलीकडचा अर्थ मिळू शकतो. आणि झाडांच्या रांगेला, जिच्यात धर्म मुळातच नव्हता, धर्मापासून सुटका मिळत नाही! एक निर्णय न्यायालयाचा, दुसरा लोकक्षोभाचा, हा फरक आम्ही विसरत नाही. पण दोन्हीकडे पाहणारी नजर एकाच समाजाची आहे. बहुसंख्याकांची खूण संस्कृती होते. अल्पसंख्याकांची संस्कृतीही खूण म्हणून पाहिली जाते. हे फक्त अमेरिकेत घडते असे कोण म्हणेल?

जिला कुणी हात लावला नाही अशी एक चंद्रकोर मात्र अमेरिकेत आहे. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत करीम रशाद सुलतान खान या सैनिकाच्या पांढऱ्या दगडावर ती कोरलेली आहे, तारा आणि कोर. न्यू जर्सीचा हा मुलगा २००७ मध्ये इराकमध्ये मारला गेला, वय २०. त्या दगडाला टेकलेल्या त्याच्या आईचे छायाचित्र पाहून माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ऑक्टोबर २००८ मध्ये टीव्हीवर त्याच्याबद्दल बोलले, आणि मुसलमान असणे हा अमेरिकेत काय गुन्हा आहे, असा त्यांचा सूर होता. एकेकाच्या दगडावर ज्याची त्याची खूण आणि सामाईक जागी कुणाचीच नाही, ही तोड जुनीच आहे. फ्रान्समध्ये न्यव-शापेलला १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचे स्मारक झाले. तिथे ४,७०० हून अधिक नावे आहेत, आणि ईश्वर एक आहे, विजय त्याचा, अशा आशयाचा मजकूर इंग्रजीबरोबर अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलेला आहे. साम्राज्याला मेलेल्या शिपायांचा धर्म नीट कळत होता. जिवंत शिपायांचे हक्क कळत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

हे लिहिताना आमच्या घरातलेही बोलले पाहिजे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली: मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापुरात चौघांचे पुतळे एकत्र आहेत. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये याच शहरात भरले. कुर्बान हुसेन यांचा अभिमान आम्ही भाषणांतून सांगतो, पण पुतळ्याचा विषय निघाला की आमच्यातले काही जण चुळबुळतात. पुतळा आमच्यात बसत नाही, हार घालायला कसे जायचे? अडचण खरी आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. हार घालू नका, फातेहा घरी पढा. पण कुर्बान हुसेन शहराचेही आहेत, आणि शहराने आपल्या रीतीने त्यांना उभे केले आहे. दुसऱ्याने आमच्या बागेत धर्म शोधू नये असे म्हणताना आम्हीही त्या पुतळ्यात धर्म किती शोधायचा, याचा विचार व्हावा.

कादंबरीच्या शेवटाबद्दल आमचे मन अजून स्वस्थ नाही. मो खान प्रवेशिका मागे घेतो. वीस वर्षांनी तो भेटतो तो मुंबईत. जगभर नावाजलेला, पण अमेरिकेपासून तुटलेला. क्लेअरचा मुलगा विल्यम आणि त्याची मैत्रीण त्याच्यावर चित्रपट करायला येतात. तेव्हा कळते की ती बाग अखेर झाली, पण एका धनाढ्य मुस्लिम राज्यकर्त्याच्या खासगी आवारात. आणि भिंतींवर जिथे मृतांची नावे येणार होती तिथे कुरआनाच्या आयती आहेत.

आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी इथे पुस्तक मिटले. म्हणजे विरोधक म्हणत होते तेच खरे ठरले की! आम्हाला तसे वाटत नाही. नावे नाकारली तेव्हा ती भिंत रिकामी झाली. रिकाम्या भिंतीवर जो पैसे देतो तो लिहितो. मग आयती मोने लिहिल्या की त्याच्याकडून लिहवल्या गेल्या? मो तेव्हाही खुलासा करीत नाही. कादंबरी तिच्याच न्यायाला जागते हे मान्य, पण एक वाचक म्हणून आम्हाला तिथे निदान इनामचे नाव हवे होते. विल्यम बागेत जाऊन आपल्या बापासाठी कोपऱ्यात दगडांची एक उतरंड रचतो. लहानपणी तो असे दगड रचायचा. अस्माच्या मुलासाठी मात्र तिथे जागा नाही.

महिरपीचा नकाशा काढणारा तो मुलगा आता मोठा बांधकाम सल्लागार आहे. मागच्या वर्षी तो भेटायला आला तेव्हा आम्ही त्याला ही कादंबरी वाचायला दिली, आणि त्या बैठकीत आम्ही काय म्हणालो होतो तेही पहिल्यांदाच सांगितले. तो हसला. महिन्याभराने त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, मोने तेव्हा 'माझा काही संबंध नाही' असं म्हटलं असतं, तर बाग झाली असती का?" आम्ही म्हणालो, "कठडा झाला असता." पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.